भर समुद्रात मारलेली हाक

अहो, एक वाद अर्धा टाकून गेलात. वाद तसे आपल्यात कमी नव्हते. योगेशच्या लग्नात तुमची बहीण रुसली ती कोणामुळे, वांग्याच्या भरतात दाणे घालायचे की नाही, जुनी जीप विकली ते बरं केलं की वाईट, असे कितीतरी. त्यातले काही मी जिंकले, काही तुम्ही जिंकल्यासारखं केलंत. बाकीच्यांचा निकाल लागला नाही तरी कोणाचं काही अडत नव्हतं. पण समुद्रावरचा तो वाद तसाच राहिला आणि तुम्ही एका सकाळी चहाचा कप बशीत ठेवून निघून गेलात. भांडणाला दोन माणसं लागतात हो. एकटीने भांडते तर सून दारातून डोकावून बघते, मम्मी कोणाशी बोलून राहिल्या म्हणून.

वाद काय, तर माझं म्हणणं, तुम्ही मला त्या संध्याकाळी नावाने हाक मारली. तुमचं म्हणणं, छे, मी कशाला मारू.

परक्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? शहरात नवरे दिवसभर बायकांची नावं घेत असतात. पण आपल्या फोपनार गावात आणि त्यातून आपल्या घरात, तुम्ही आख्ख्या संसारात मला एकदाही नावाने बोलावलं नव्हतं. आधी नुसतं ‘अगं’. मग ‘ऐकून राहिली का’. पोरगा झाला तशी मी ‘योगेशची आई’ झाले. घाईत असलात तर तेही नाही, नुसतं खाकरायचात, आणि खाकरण्यावरून मला कळायचं, टॉवेल पाहिजे की चहा. मीही काही कमी नव्हते. तुमचं नाव मी घेतलं ते फक्त लग्नाकार्यात, उखाण्यात गुंडाळून, ते पण बायकांनी दार अडवलं म्हणून.

आणि हाक मारली म्हणते मी, ती कोणत्या नावाने? ते तर मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलंच नाही. तिथेच सगळी मेख आहे. लग्नात तुम्ही तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलंत, त्याआधी मी मंजुळा होते. धूलकोटची मंजुळा. शाळेच्या हजेरीत मंजुळा, कापूस वेचताना मंजुळा, आणि आई ओट्यावरून हाक मारायची ती मळ्याच्या टोकापर्यंत ऐकू जायची, ती मंजुळा. ‘सुनंदा’शी माझं काही वाकडं नाही, चांगलं नाव आहे, आधार कार्डावर शोभतं. पण आई-बाबा गेले, भाऊ मला अक्का म्हणतो, आणि पुढे पुढे असं झालं की त्या जुन्या नावाने मला ओळखणारं जगात कोणी उरलं नाही. तुम्हाला ते नाव माहीत तरी आहे का, इतपत मला शंका होती. लग्नपत्रिकेत एकदा वाचलं असेल, त्यानंतर कशाला आठवतंय.

तर ती सहल. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या डीलरची स्कीम लागली आपल्याला. अंदमान, जोडप्याने, खाणंपिणं सगळं त्याचं. दुसऱ्याच्या घरी अशी स्कीम लागली असती तर पेढे वाटले असते. तुम्ही तोंड पाडून बसलात. म्हणे, केळीचे घड काढणीला आलेत आणि मी पाणी बघायला एवढ्या लांब जाऊ? माझ्या बोअरला पाणी नाही का? मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही घडांपाशी बसा, मी शोभासोबत जाते. शोभा म्हणजे आपल्या शेजारच्या मळ्यातल्या विठ्ठलभाऊंची बायको. ते दोघं येणारच होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही गुपचूप बाजारातून हाफ पँट घेऊन आलात आणि माझ्या नजरेला पडायच्या आत बॅगेत कोंबलीत. मी पाहिली होती.

आपण चार जोडपी होतो, सगळी केळीवाली. काय सांगावं तुमच्या त्या सहलीचं. जिथे बाजार दिसेल तिथे तुम्ही उतरणार, घड उचलून बघणार, नाक मुरडणार, पावडर मारून पिकवलंय म्हणणार. बाकीचे पुरुष मागे उभे राहून माना हलवणार. आणि रोज योगेशला फोन, मोटर चालू केली का, लाईन कुठे फुटली का. बेटावर आलेली बाकी माणसं फोटो काढत होती आणि आमचे हे कडेच्या झाडांची खोडं दाबून बघत होते. मला हसूही यायचं आणि रागही. पण खरं सांगते, कधी नव्हे ते तुम्ही दिवसभर माझ्याबरोबर होतात. हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी शिडाची नाव केली होती. आपण आठजण, एक म्हातारा नाववाला आणि पाण्यात उतरवणारा त्याचा जोडीदार. तिथे सूर्य फार लवकर बुडतो, आपल्याकडे बायका चहा टाकतात त्या वेळेला. किनारा मागे पडल्यावर नाववाल्याने मोटर बंद केली आणि शीड सोडलं, आणि एकदम सगळे बोलायचे थांबले. एवढी मोठी गोष्ट आवाज न करता चालू शकते हे मला माहीतच नव्हतं. कापड जरासं फुगायचं, दोर कुरकुरायचा, नाव पुढे जायची. पाणी आधी हिरवं होतं, मग निळं झालं, मग त्यात पिवळा उजेड पसरला आणि रंगाचं नावच घेता येईना. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. तुमचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि तुम्ही तो काढून घेतला नाही.

मग कोरलपाशी, म्हणजे पाण्याखालच्या पोवळ्यांच्या खडकांपाशी, नाव थांबली. आपली माणसं कुठेही गेली तरी आपलीच राहणार. पाण्याला पाय लावायच्या आधी आम्ही बायकांनी पदराला बांधून आणलेलं हळदकुंकू काढलं, नमस्कार केला, आणि तुम्ही वाकून ओंजळ भरलीत, डोळे मिटलेत, आणि तापीच्या राजघाटावर आयुष्यभर जसं केलं तसं घोट घेऊन टाकलात. तुमचं ते तोंड. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. विठ्ठलभाऊ म्हणाले, भाऊ, ही तापी नाही, आणि नाव डोलेपर्यंत सगळे हसले. तुम्हाला ते लागलं. तुम्हाला हसलेलं कधी चाललं आहे?

त्याच्यावर कडी झाली जॅकेटची. नाववाला म्हणाला, फुगीर जॅकेट घातल्याशिवाय कोणालाच पाण्यात सोडणार नाही. तुम्ही म्हणालात, मी तापीच्या पुरात उडी मारलेला माणूस आहे, मला काय पोहायला शिकवून राहिला. तो काही चिडला नाही. “अंकल, मारी होगी. यहाँ जैकेट पहनना पड़ेगा,” एवढंच म्हणाला आणि जॅकेट तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही ते बाजूला सारलंत आणि पाठ फिरवून नावेच्या टोकाला जाऊन बसलात. हाफ पँट घालून, छातीवर हात बांधून. आता हा माणूस उतरत नाही हे मला कळलं. तुमचा हट्ट मला माहीत नाही तर कोणाला.

आणि मग माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. पाण्यात बघायचा तुमच्या वाटचा चष्मा आणि श्वास घ्यायची नळी तशीच पडली होती, ती मी उचलली. म्हटलं, मग तुमच्या वाटचं मी बघून येते. तुम्ही मान वळवून म्हणालात, तू? बादली डोक्यावर ओतून घेताना तुला धाप लागते. खरं होतं ते. राजघाटावर इतक्यांदा गेले, पण घोट्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नव्हतं. आमच्या वेळी पोरी पोहत नव्हत्या, काठावर बसून भावांचे कपडे सांभाळत होत्या. पण तुम्ही ते बोललात आणि मग मी थांबते थोडीच. सुनेचा पंजाबी ड्रेस, वर जॅकेट, मंगळसूत्र आत खोचलेलं, अशी मी शिडीवरून उतरले.

खाली काय होतं ते तुम्ही मला किती वेळा विचारलंत. मी दर वेळी म्हणाले, यायला पाहिजे होतं. आज सांगते.

आधी काहीच नव्हतं, नुसता माझा श्वास. नळीतून आत येतोय, बाहेर जातोय, आणि तो इतका मोठा ऐकू येत होता की मला वाटलं, हे दुसरंच कोणी माझ्याजवळ झोपलंय. मग डोळे सरावले. खाली एक गावच होतं हो. गोल दगड, फांद्या, हळू हळू हलणारी झुडपं, आणि त्यांच्यातून मासे असे जात होते की त्यांना कुठे पोहोचायची घाईच नाही. एक निळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा, आणि बारीक बारीक रुपेरी, हजार असतील, सगळे एकदम वळायचे. उतरतं ऊन तिरपं आत येत होतं. माझेच हात मला पुढे दिसत होते, सोनेरी, आणि ते माझे वाटत नव्हते. ज्या हवा भरलेल्या रिंगला धरून मला तरंगायला सांगितलं होतं ती मी कधी सोडली, मला कळलंही नाही. भीती वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

मी कोण, हेच मला आठवेना. म्हणजे विसरले असं नाही, पण गरज वाटेना. मी कोणाची सून नव्हते, कोणाची आई नव्हते, तुमचीही कोणी नव्हते. रागावू नका. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून कोणाला काहीच नको होतं. मी अशीच जात राहिले असते. कुठवर, ते माहीत नाही, पण परत फिरायचं मनात नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आणि तेव्हा वरून, खूप लांबून, पाण्यातून गाळून आल्यासारखी हाक आली. मंजुळा.

मी तोंड वर काढलं. नाव किती लहान दिसत होती. तिच्या मागे सगळं आभाळ केशरी, आणि शिडाला धरून एक माणूस उभा होता, नुसता काळा आकार, तोंड दिसत नव्हतं. मला आधी वाटलं, बाबा आलेत. मग हाफ पँट दिसली. एवढ्यात नाववाल्याच्या जोडीदाराने माझं जॅकेट धरलं आणि मला ओढत नावेकडे नेलं.

वर आल्यावर तुम्ही काय केलंत? टॉवेल फेकलात माझ्या अंगावर. म्हणालात, एवढा वेळ लागतो का पाण्यात, माणसं खोळंबून राहिली. मी दात वाजवत विचारलं, हाक मारली का तुम्ही? तुम्ही म्हणालात, “कोणी? मी नाही बा.” आणि समुद्राकडे बघत बसलात. परत येताना कोणी मोटर लावू दिली नाही. सूर्य बुडाल्यावरही उजेड कितीतरी वेळ पाण्यावर राहिला होता. शोभाला बस लागावी तशी नाव लागली होती, ती माझ्या शेजारी डोळे मिटून पडली होती. ती पाण्यात उतरलीच नव्हती. मी तिला हळूच विचारलं, हे मला काही म्हणाले का गं? ती म्हणाली, ताई, माझं डोकं गरगरून राहिलंय, मला काही विचारू नका.

मग सुरू झाला आपला वाद. जेवताना, मळ्यात, जीपच्या जागी आलेल्या नव्या गाडीत. मी म्हणायची, हाक आली होती. तुम्ही म्हणायचात, वारा असेल. कानात पाणी गेलं असेल. समुद्रात भास होतात, कोणीतरी सांगितलंय मला. मी विचारायची, कोणी सांगितलंय? मग तुम्ही खाकरायचात. ते खाकरणं मात्र चहाचं नव्हतं. कोणत्या नावाने हाक आली, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. मी वाट बघत होते की विचाराल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि तुमच्या तोंडाकडे बघून मला लगेच कळलं असतं. चलाख होता तुम्ही, विचारलंतच नाही.

पण एक झालं. तिथून आल्यावर तुम्ही मला अधूनमधून संध्याकाळी राजघाटावर न्यायला लागलात. काही कारण न काढता. पायरीवर बसायचं, दाणे खायचे, आणि मग तुम्ही हवेत हात मारून मला पोहायला शिकवायचात. पाय असे, हात असे, श्वास असा सोडायचा. कोरड्या पायरीवर. येणारे जाणारे बघायचे, मी लाजून पदर तोंडाला लावायची. मी म्हणायची, या वयात मला शिकवून काय करता? तुम्ही म्हणायचात, माणसाला यायला पाहिजे. त्याहून जास्त तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मी तेवढ्यावर खूश होते. फार सुख दिलंत तुम्ही मला त्या पायऱ्यांवर. तुम्ही असताना हे म्हणाले असते तर म्हणाला असता, तब्येत बरी आहे ना?

तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. परवा दुपारी शोभा आली. रोजच येत होती बिचारी, पण माणसांच्या गर्दीत बसून जायची. परवा मी एकटीच होते. ती चटईची कड ओढत बसली, मग म्हणाली, ताई, आता शपथ सुटली, आता सांगते.

मला काही कळेना. कसली शपथ?

तर म्हणे, नावेतून उतरल्यावर तुम्ही तिला बाजूला घेऊन स्वतःची शपथ घातली होती. ‘वहिनी, माझी शपथ आहे तुम्हाला, यातलं तिला काही सांगायचं नाही.’ जिवंत माणसाची शपथ मोडली तर त्या माणसाला बाधते, हे आपल्याकडे लेकरांनाही माहीत आहे. शोभा काय मोडणार? आपल्या तोंडाने तुमचं काही वाईट व्हायला नको म्हणून ती गप्प राहिली, मी खोदून खोदून विचारलं तरी. आता तुम्हीच नाही, तर शपथ कोणाला बाधणार. हे बोलताना ती रडत होती आणि मी तिचा हात धरून बसले होते.

तिने सांगितलं ते असं. ती डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. मी रिंग सोडून लांब चाललेय हे सगळ्यांत आधी तुम्ही पाहिलंत. नाववाल्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूला, पाण्यात डोकी घातलेल्या बाकीच्यांपाशी होता. तुम्ही उठून उभे राहिलात, नाव डोलली. आधी ओरडलात, अगं. मी वळले नाही. मग ओरडलात, योगेशची आई. भर समुद्रात हो. मग सुनंदा. म्हणजे तेही नाव तुमच्या तोंडून निघालं आणि मला ऐकूसुद्धा आलं नाही. मग तुम्ही ते जॅकेट उचललंत, ज्याला तुम्ही हात लावणार नव्हतात, आणि डोक्यातून घालायला लागलात, उलटं, बंद कुठे लावायचा ते सापडेना. नाववाल्याने तुम्हाला कंबरेला धरून ठेवलं. आणि तेव्हा तुम्ही सगळा जीव एकवटून मंजुळा म्हणून हाक मारलीत. शोभा म्हणाली, “ताई, भाऊंचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. भिऊन मी उठूनच बसली.”

जोडीदाराने मला धरलं तसे तुम्ही मटकन खाली बसलात आणि जॅकेट फळीखाली सरकवून दिलंत, मला दिसू नये म्हणून. आणि शोभाने नंतर विचारलं, भाऊ, मंजुळा कोण? तर तुम्ही म्हणालात, तिचं माहेरचं नाव आहे. सांगू नका, नाहीतर डोक्यावर बसेल.

खोटारडे. किती गोड खोटारडे होता तुम्ही. मी हसले, शोभासमोर पदर तोंडात कोंबून हसले, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते तुम्ही गेलात त्या दिवशीही नव्हतं फुटलं. सून धावत आली. तिला काय सांगणार, तुझे सासरे माझं नाव विसरले नव्हते म्हणून? आख्खा संसार तुम्ही ते नाव तोंडात धरून बसला होतात, आणि मी समजत होते की जगात ते कोणाला माहीत नाही. डोक्यावर बसेल म्हणे. बसले असते की. काय बिघडलं असतं?

तर वाद संपला. मी जिंकले, लिहून ठेवा तिकडे. पण जिंकल्यावर मला वेगळंच सुचलं. आपण दोघं इतके दिवस भांडलो ते हाक मारली की नाही यावर. ज्याला हाक मारली त्याने काय केलं, हे तुम्ही कधी काढलं नाहीत. आमच्या आईच्या घरी हाकेला लगेच ओ द्यायची पद्धत होती. उशीर झाला तर ती म्हणायची, हाक मारणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो गं. आणि तुम्ही एवढ्या लांब, नावेत उभे राहून, उलटं जॅकेट गळ्यात, जीव टांगून उभे होतात, आणि माझ्या तोंडात ती नळी होती. वर आल्यावर मी तुम्हाला प्रश्न विचारला. ओ दिली नाही. तुम्हीही मागितली नाही.

आज सकाळी सगळे मळ्यात गेलेत. घरात कोणी नाही. ऐकून राहिले का?

ओ.